डाव्या हाताचा जॉइंट

प्रिय भावा,

दिवाळीचा तुझा मेसेज अजून तसाच पडून आहे. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. इकडं सगळे बरे, माझी शुगर आहे तिथंच आहे. पण आज जे झालं ते घरात सांगून कुणाला कळायचं नाही, म्हणून जेवण झाल्या झाल्या लिहायला बसलो.

कारखान्याचा ऑफ सीझन, बॉयलरची स्टीम लाइन बदलतोय. 6 इंची, शेड्यूल 80, म्हणजे जाड भिंतीचा पाइप. त्यातला एक जॉइंट असा, की पाइप 45 अंशात तिरका आणि मागं कॉलम. मधे मूठ कशीबशी जाते. गेल्या आठवड्यात वेल्ड मारला. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, आर्गॉनचा, वर 7018 रॉड. कॅपिंग, म्हणजे वरचा शेवटचा थर, बघून मामासुद्धा मान डोलावून गेला. आणि एक्सरेत नापास, रिपेअर! पाइपचं तोंड घड्याळ धरलं तर सात वाजायच्या जागी लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे धातू एकजीवच झाला नाही. आयबीआरच्या, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमातल्या, जॉइंटला 11 वर्षांत माझा रिपेअर नव्हता रे.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हात गेला का? नजर गेली का? 44 वय झालं, गुडघा मुडपून दहा मिनिटं बसलं की पाय बधिर होतो. मग एक्सरेची फिल्म पुन्हा मागून घेतली. डाग नेमका तिथं, जिथं माझं कोपर कॉलमला थटत होतं. तिथं आर्क लांबला, कोन फिरला, आणि मी तसाच ओढत पुढं गेलो. हात चुकलाच नव्हता, बसणं चुकलं होतं.

तेव्हा तू आठवलास. त्या शटडाउनला मशीन बंद ठेवून, होल्डरला रॉड लावून तू पाइपभोवती सहाच्या जागेपासून बाराच्या जागेपर्यंत नुसता हात फिरवून बघायचास, परत बसायची फळी सरकवायचास. आणि मी खालून ओरडलो होतो, "लग्नाचा पाट मांडतोयस काय?" महिनाभर अबोला धरलास. मामानं चहा पाजून मिटवलं, पण चूक माझी होती हे मी कधी म्हटलं नाही. आज म्हणतो.

काल तुझ्यासारखंच केलं. फळी चार बोटं खाली घेतली, केबल रेलिंगला बांधून लोंबती ठेवली, म्हणजे तिचं वजन मनगटावर येत नाही. पाठ टेकवली, कोपर फळीला. कोरडा हात फिरवला तर उजवा तिथं पोचतच नाही. डावा पोचतो! मेसमध्ये तू डाव्या हातानं आमटी खायचास, आम्ही हसून लोळायचो. तुला सांगितलं नाही कधी, तू गेल्यावर मीपण स्क्रॅपच्या पाइपवर डावा घोटवला.

ग्राइंडरनं डाग काढला, डीपी, म्हणजे रंग लावून भेग बघायची टेस्ट, केली, साफ. बाहेर पाऊस, रॉड दमट होऊ नये म्हणून ओव्हनमधून एकेकच काढत होतो. साडेसहाच्या जागेपासून आठच्या जागेपर्यंत, डाव्या हातानं. श्वास सोडत सोडत वर आलो. शेवटच्या थराला स्लॅगची खपली आपोआप सुटून कडेनं वळली, बोटानं झटकली तर निघून आली. तेव्हाच कळलं. आज संध्याकाळी फिल्म आली. क्लिअर!

गुडघ्याचं मात्र खरंच भ्या वाटतंय. वर रॅकमधे असलेच सहा जॉइंट बाकी आहेत.

तुझं वर्कशॉप कसं चाललंय? पोरीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

आमचं पोरगं आयटीआयला वेल्डरला लागलंय. माझं काही ऐकत नाही, म्हणतं थेट आर्क मारायला दे. गणपतीला आलास की एक दिवस दे त्याला. फळी कशी लावायची ते तूच दाखव.

तुझाच