पाटलोण आधी स्टेजवर होती, मग पायात आली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली कपड्यांच्या शब्दांवरची चौकट वाचली, मजा आली, पण पाटलोणीपाशी तुमची गाडी जरा घसरली. पॅन्ट हा फ्रेंच राज्यक्रांतीतला शब्द असं लिहून मोकळे झालात. तिथे तो गाजला हे खरंय, सरदार मंडळी गुडघ्यापर्यंतची तंग क्युलॉत घालायची आणि कामकरी लोक लांब पांतालों, म्हणून तर त्यांना 'सां-क्युलॉत' म्हणजे बिनक्युलॉतवाले हे नाव पडलं. पण 1789च्या निदान दोनशे वर्षं आधी हा शब्द इटलीत स्टेजवर उभा होता, आणि तो कपडा नव्हता, माणूस होता!

16व्या शतकात तिकडे 'कॉमेडिया देल आर्ते' नावाची नाटकं चालायची. लिहिलेले संवाद नाहीत, कथेचा नुसता सांगाडा, बाकी सगळं नट ऐनवेळी रचणार, म्हणजे आपल्या तमाशातल्या बतावणीसारखंच म्हणा ना. सोंगं ठरलेली. त्यातलं एक पांतालोने, व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, पैसा रग्गड पण एक नंबरचा चिकट, वर या वयात तरण्या पोरींच्या मागे, आणि घरचे नोकर त्याला हमखास गंडवणार. चेहऱ्यावर बाकदार नाकाचा मुखवटा, टोकदार दाढी, काळा झगा, पायात सपाता, कमरेला पैशाची थैली, आणि खाली लालभडक तंग तुमान. ती तुमान लोकांच्या इतकी डोक्यात बसली की पुढे तसल्या कपड्यालाच त्याचं नाव चिकटलं. फ्रेंचांनी ते उचललं, इंग्रजांनी 'पॅन्टलून्स' केलं, अमेरिकनांनी 19व्या शतकात शेपूट कापून 'पॅन्ट्स', आणि आपण पाटलोण.

मला खरी गंमत वाटते ती त्याच्या नावाची. व्हेनिसमध्ये संत पांतालेओनेला फार मान, त्याच्या नावाचं चर्च अजून आहे तिथे, म्हणून व्हेनिसच्या माणसाचं सोंग म्हटल्यावर हेच नाव आलं असं मानतात. आता हा संत कोण, तर परंपरेप्रमाणे पेशंटकडून एक पैसा न घेणारा वैद्य. आणि त्याचं नाव मिळालं कुणाला तर दमडीसाठी जीव टाकणाऱ्या कंजूष म्हाताऱ्याला.

शेक्सपिअरच्या 'अॅज यू लाइक इट'मध्ये माणसाच्या सात अवस्था सांगितल्यात त्यात सहावी हाच पॅन्टलून, सपाता घातलेला, वाळलेला, तरुणपणीची तुमान जपून ठेवलेली पण आता पोटऱ्या सुकल्यामुळे ती ढगळ होते. हे वाचलं की मला आमचे आजोबाच दिसतात. रिटायर होताना शिवलेली खाकी पाटलोण त्यांनी पंचाहत्तरीपर्यंत घातली, पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडत पाडत, शेवटी तर पट्ट्याचं टोक पार पाठीमागे जायचं. पॅन्ट म्हणालं की चिडायचे, "पाटलोण म्हण, पूर्ण शब्दाचे पैसे पडत नाहीत." आजी म्हणायची नवी शिवा, तर म्हणे हिला काय झालंय. चिकटपणात ते त्या व्हेनिसवाल्याला हरले नसते, तरण्या पोरींचं मात्र काही नाही हं, आजी होती ना घरात.

तेवढी चौकट दुरुस्त करून छापा ही विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
सातारा