तुमच्याच अपडेटने घालवलेला आवाज परत देण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख, आणि त्यांच्यावर कोणी असतील तर त्यांनाही

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला. आता फोन पुरे, लेखी बोलू.

तुमचा 24 इंची ऑल-इन-वन, म्हणजे सगळं स्क्रीनच्या आतच असलेला संगणक, माझ्याकडे आहे. मॉडेल, सिरियल नंबर आणि तक्रार क्रमांक ईमेलच्या विषयात घातलेत. मशीन तुम्हीच बनवलंय, तेव्हा त्याच्या आत काय आहे ते मी तुम्हाला शिकवत नाही. झालं ते एवढंच: गेल्या महिन्यात तुमच्या अपडेट ॲपने मला न विचारता रात्रीतून नवा ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून आवाजाची चिप चालवून घेणारं सॉफ्टवेअर, घातला. सकाळी टास्कबारवरच्या स्पीकरवर फुली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि आत 'डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, कोड 10'. जुना ड्रायव्हर परत आणायचं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण पुसट, म्हणजे तुमच्या इन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर जाता जाता मुळासकट काढलेला. तुमच्या सपोर्ट पानावर गेले तर तिथेही फक्त हाच नवा. आधीचा होता, तो तुम्ही उतरवलात.

मी मुलाखती, सभा, व्याख्यानं यांची ध्वनिमुद्रणं ऐकून मराठीत टाइप करून देते. कानाला हेडफोन असल्याशिवाय माझं कामच होत नाही. तेव्हा "मॅडम, तोपर्यंत मोबाइलवर गाणी ऐका" हा तुमच्या चॅटवरचा सल्ला मी जपून ठेवला आहे. स्क्रीनशॉट जोडलाय.

तुमच्या लोकांनी सांगितलं ते सगळं केलं, आणि न सांगितलेलंही केलं. 'विंडोज ऑडिओ' सर्व्हिस बंद करून चालू केली. आवाज भलत्याच आउटपुटकडे जात नाही ना, ते पाहिलं. तुमचा ड्रायव्हर फायलींसकट काढून रीस्टार्ट केलं, की विंडोज आपला साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' लावतं आणि आवाज येतो! हेडसेटचा माइक चालत नाही, पण ऐकू तरी येतं. मग रात्री तुमचं ॲप जागं होतं आणि तोच मोडका ड्रायव्हर परत घालतं. ॲप काढून टाकलं, तर तोच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला, कारण तिथेही तो तुमच्याच नावाने ठेवलेला आहे. ड्रायव्हरची अपडेट्स अडवायची सोय ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये असते, आणि तुम्ही मशीन विकलंत विंडोज होम घालून, ज्यात तो एडिटर नसतो. फॅक्टरी रीसेट करा म्हणालात, तोही केला. आवाज आला. ॲपही परत आलं, आणि संध्याकाळी पुन्हा फुली. एवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळायला इंजिनिअर लागत नाही.

आता आजचा कॉल. मराठीसाठीचा आकडा दाबला आणि खरंच मराठी बोलणारा मुलगा आला, तेवढं तुमच्या बाजूने लिहून ठेवते. मी त्याला कोड 10 सांगितला, ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीचा क्रमांक वाचून दाखवला.

"मॅडम, ते टेक्निकल राहू द्या. आवाज पूर्ण वाढवलाय का?"

वाढवलाय म्हटलं.

"स्पीकरची वायर मागे नीट बसली आहे का?"

मी म्हटलं, अहो, हा ऑल-इन-वन आहे, स्पीकर आतच असतात, वायर कुठली? थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग: "मागे हिरव्या रंगाचा पॉइंट असेल बघा." नाहीये म्हटलं. "असतोच मॅडम, नीट बघा." मी उठले, मशीन वळवलं, टॉर्च मारून पाहिलं. तुम्ही बनवलेल्या मशीनच्या मागे हिरवा पॉइंट नाही, हे मी तुमच्याच माणसाला टॉर्च मारून पटवत होते. त्यावर तो म्हणाला:

"घरात मिस्टर आहेत का? त्यांच्याकडे द्या फोन, पटकन होईल."

मिस्टर होते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते तसं स्वतःच सांगतात. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो जराही न अडखळता म्हणाला, "मग मुलगा, भाऊ कोणी?" मी म्हटलं, मुलगी आहे, चौथीत आहे, देऊ का? तेव्हा तुमच्या माणसाला एकदम निदान सुचलं. "मॅडम, तुमचा मदरबोर्ड गेलाय. वॉरंटी संपली आहे, चार्जेस लागतील." आणि चार्जेस किती, तर मशीनच्या जवळपास अर्ध्या किमतीएवढे. वायर, हिरवा पॉइंट, मिस्टर, मुलगा आणि थेट मदरबोर्ड. मधे ड्रायव्हर हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. त्या मुलावर मी फार चिडलेली नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जे लिहून ठेवलंय तेच तो वाचत असणार, आणि ते लिहिणारे तुमच्या ऑफिसात बसतात.

वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं तर होल्डवर टाकलं. तुमची होल्डवरची धून मात्र अगदी खणखणीत वाजते. तिला कोणता ड्रायव्हर लावलाय तो कळवा, मीही तोच घालते.

मदरबोर्डचं म्हणाल तर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला होता. आतल्या डिस्कला हातही लावला नाही. याच स्पीकरमधून, याच हेडफोनमधून आवाज स्वच्छ आला. व्हिडिओ जोडलाय. गेलेला मदरबोर्ड फक्त विंडोजपुरता जात नाही. नासकं दूध घालून जायचं आणि वर पातेलं बदला म्हणायचं, असला हा व्यवहार आहे. त्यात पातेलंही तुम्हीच विकणार.

आवाजाची चिप बनवणाऱ्यांकडे जा, असंही मध्ये एकाने सुचवलं. त्यांचे ड्रायव्हर सर्वसाधारण असतात, प्रत्येक मॉडेलची जुळवणी मशीन बनवणारा करून देतो, आणि म्हणून तेही ग्राहकाला मशीन बनवणाऱ्याकडेच पाठवतात. म्हणजे तुमच्याकडे.

चुका सगळ्यांच्या होतात. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा 9.21.00.3755 हा ऑडिओ ड्रायव्हर चुकून लोकांच्या संगणकांवर गेला आणि आवाज बंद पडले. मायक्रोसॉफ्टने ते जाहीर मान्य केलं, ड्रायव्हर मागे घेतला आणि तो काढून टाकणारं वेगळं अपडेट दिलं. कोणाला मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं नाही, आणि मिस्टरांना बोलावलं नाही.

मला नवीन मशीन नको, सवलतीचं कूपन नको, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' नको. आधीचा ड्रायव्हर सपोर्ट पानावर परत ठेवा आणि हा मोडका ड्रायव्हर या मॉडेलसाठी तुमच्या ॲपमधून आणि विंडोज अपडेटमधून काढून घ्या. जुना ड्रायव्हर तुमच्याकडेच आहे. तो तुम्हीच बनवून घेतलेला, तुम्हीच पानावर ठेवलेला आणि तुम्हीच काढलेला आहे.

पंधरा दिवस वाट बघेन. तोवर काही हललं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करेन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मी स्वतःच टाइप करेन. टायपिंग हेच माझं काम आहे, आणि ते करायला सध्या वेळही भरपूर आहे. कोणामुळे, ते वर आलंच आहे.

आमच्या घरात पहिला संगणक तुमच्याच कंपनीचा होता. तो जड होता, उन्हाळ्यात तापायचा, पण कधी दगा दिला नाही, म्हणून हा घेताना दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाही. बहिणीला पुढच्या महिन्यात घ्यायचा आहे. परवापर्यंत तिलाही मी तुमचंच नाव सांगत होते. तिला आता दुसरीकडे बघ म्हणून सांगितलंय.

कळवायचं ते ईमेलवर कळवा.

आपली एक ग्राहक,
सांगली

ता. क. तंत्रज्ञ घरी पाठवायचाच असेल तर मदरबोर्ड घेऊन पाठवू नका. जुना ड्रायव्हर घातलेला पेन ड्राइव्ह पुरे. आणि येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, बोलायचं माझ्याशी.