घारापुरी बेटावरील वासंतिक पक्षीनोंदींबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उत्तरेकडे परतणाऱ्या पक्ष्यांच्या घारापुरी बेटावरील नोंदी एप्रिलअखेरपर्यंत घ्यावयाच्या असून, सोमवारी लेणी बंद असल्याने तो वार टाळावा. भरती चढू लागली की चिखलावर विखुरलेले तुतारी व चिखल्या पक्ष्यांचे थवे किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून मोजणी त्याच वेळी करावी. हिवाळ्यात डोळ्यामागे नुसता ठिपका असलेल्या कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) डोके आता गडद तपकिरी झालेले दिसते. हा पिसाराबदल आवर्जून टिपावा. लाँचमागे खाण्यासाठी घिरट्या घालणारे कुरव वेगळे नोंदवावेत (आणि कृपया आपणच त्यांना गाठ्या टाकू नयेत). पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी बसवलेली रंगीत झेंडी दिसल्यास तिचा रंग व त्यावरील अक्षरे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावीत. माकडे, खेकडे, फुलपाखरे यांच्याही नोंदी स्वागतार्ह आहेत, मात्र ‘बरीच’ असे न लिहिता आकडा द्यावा.