अमोलचे ३६ पैकी १९

लीड्स,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण काकू शेजारी असल्या की तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मुद्द्याचं काही बोलणं होत नाही. म्हणून सरळ लिहायला बसलो. इथे चारलाच अंधार पडायला लागलाय, त्यामुळे रविवारी दुसरा उद्योगही नाही.

अमोलने नेटवर ती डोळे बघून मनातलं ओळखायची टेस्ट दिली, ३६ पैकी १९ आले आणि ‘त्याला आपल्या मनातलं कळतच नाही’ असा निकाल घरात लागून मोकळा झाला. त्याच्या ऑटिझमचं निदान झालं तेव्हा कुणी हललं नव्हतं, तेवढं या आकड्याने हललेलं दिसतंय. माझा पगारच असल्या टेस्ट घेण्याचा आहे, त्यामुळे या टेस्टच्या आत काय आहे ते सांगतो, मग काकूंना काय सांगायचं ते तू ठरव.

ही टेस्ट केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. पहिली १९९७ ची, आता सगळीकडे फिरते ती २००१ ची सुधारलेली. मासिकांतले ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्यातली फक्त डोळ्यांची पट्टी कापून घेतलेली. भोवती चार शब्द, त्यातला एक निवडायचा. न बघता काहीही निवडत गेलास तरी सरासरी ९ येतील. आता ‘बरोबर’ उत्तर ठरलं कसं ते बघ. फोटोतल्या बाईला कुणी विचारायला गेलं नव्हतं, की बाई, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं? टेस्ट करणाऱ्यांनी शब्द सुचवले, आठ जणांना दाखवले, आणि निदान पाच जणांचं एकमत झालं तो शब्द बरोबर धरला. मग आणखी लोकांवर पडताळून नको ती चित्रं काढून टाकली. म्हणजे अमोलचं उत्तर १९ वेळा चारचौघांच्या उत्तराशी जुळलं, १७ वेळा जुळलं नाही. त्या आकड्यात एवढंच आहे.

त्या २००१ च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या १५ पुरुषांची सरासरी २२ च्या आसपास आली आणि सर्वसाधारण लोकांची २६ च्या. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण दोन्हीकडची माणसं इतकी वरखाली पसरलेली असतात की नुसत्या आकड्यावरून कोण कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. शिवाय शब्द बघितलेस का? ‘अगास्ट’, ‘डिस्पॉन्डंट’, ‘इन्क्रेड्युलस’. आपल्या वर्गातल्या किती जणांना यांचे अर्थ छातीठोकपणे सांगता आले असते? अर्थांची यादी सोबत असते, पण नेटवर ती उघडतो कोण. चेहरे सगळे गोऱ्या लोकांचे. तेव्हा त्या १९ मध्ये इंग्रजी किती, गोरे चेहरे किती आणि ऑटिझम किती, हे वेगळं काढायला काही मार्ग नाही. वहिनींना आणि तुला बसवून बघ एकदा, मग बोलू.

प्रयोगशाळेत आम्ही बहुतेक वेळा पूर्ण चेहरा दाखवतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७६ मध्ये ११० फोटोंचा संच काढला: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, आणि काही भावहीन चेहरे. त्याची पिल्लं अजून वापरात आहेत. यात आनंद सगळ्यांनाच ओळखू येतो, कारण हसरा चेहरा तो एकच, गोंधळायला जागाच नाही. भीती आणि आश्चर्य यांत मात्र भलेभले अडकतात. आणि मोजण्यातही चोरवाटा आहेत. समज, एखाद्याने कंटाळून दर वेळी ‘राग’ हेच बटण दाबलं. रागाचे सगळे फोटो त्याने ओळखले असंच दिसणार! म्हणून ते बटण त्याने एकूण किती वेळा दाबलं हेही हिशेबात घ्यावं लागतं. वॅग्नर नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये त्याचं सूत्र दिलंय, सगळेच ते वापरतात असं नाही. २०१३ मध्ये ४८ शोधनिबंधांची बेरीज-वजाबाकी झाली. ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या लोकांतला फरक खरा निघाला. पण ज्यांना फरक सापडतो त्यांचेच निबंध जास्त छापले जातात, ते गणित धरल्यावर तो जवळजवळ निम्म्यावर आला.

मला विचारशील तर अमोलच्या बाबतीत खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अलेक्सिथायमिया म्हणून एक प्रकार असतो. स्वतःला काय वाटतंय हेच नीट ओळखता येत नाही, सांगता येत नाही. छातीत धडधडतंय हे कळतं, पण ती भीती आहे, राग आहे की दुपारी जेवण झालं नाही म्हणून आहे, ते उमगत नाही. तो मोजायला २० विधानांची प्रश्नावली आहे, ६१ किंवा जास्त गुण आले तर आहे असं धरतात. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या लोकांत तो सापडतो, बाकीच्यांत फार तर दहातल्या एकात. लंडनमधल्या रिचर्ड कुक, जेफ्री बर्ड आणि मंडळींनी २०१३ मध्ये दोन्ही गोष्टी सुट्या केल्या. दोन माणसं आणि दोन भाव एकमेकांत मिसळून चेहरे तयार केले आणि विचारलं, हा कोण, आणि याच्या चेहऱ्यावर काय? भाव ओळखायला जे अडखळले त्यांच्यात अलेक्सिथायमिया जास्त होता. ऑटिझम आहे की नाही याने फारसा फरक पडत नव्हता. कोण आहे हे मात्र सगळे सारखंच ओळखत होते. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या आधीच्या कितीतरी आलेखांकडे पुन्हा बघावंसं वाटलं.

तेवढ्याने सगळं सुटतं असंही नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉनर कीटिंग आणि जेनिफर कुक यांच्या गटाने फोटोच बाजूला ठेवले. काळ्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसते पांढरे ठिपके हलतात; भुवया, गाल, ओठ, जबडा, सगळं ठिपक्यांत. ते सावकाश चालवतात, जोरात चालवतात, हालचाल फुगवून दाखवतात. पहिली काही सेकंद मुंग्या दिसतात आणि मग एकदम कुणीतरी चिडलेलं माणूस दिसायला लागतं. अलेक्सिथायमिया हिशेबात धरूनही एक फरक उरलाच: रोजच्या वेगाने, रोजच्याइतक्याच हालचालीने आलेला राग ऑटिझम असलेल्यांना कमी ओळखू आला. दुःख आणि आनंद यांत तसं झालं नाही.

आमच्याकडे एक साठीचे गृहस्थ आले होते, निदान उतारवयात झालेलं. (नावगाव सांगायचं नसतं.) एक फोटो आला, त्यांनी बटणावरचा हात काढला आणि मला विचारलं, “हिच्या समोर कोण उभं आहे?” मी म्हटलं, ते माहीत नाही. “मग तुम्हाला तरी कसं कळलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम असा की काही समजावून सांगायचं नाही, म्हणून म्हटलं, जे वाटेल ते दाबा. त्यांनी दाबलं, चुकलं, आणि वेळही जास्त लागला म्हणून नोंदला गेला.

याला दुसरी बाजूही आहे, तीवर काकूंचं लक्ष आवर्जून वेध. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिझम असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न कळणं हे दोन्हीकडून असतं, आपण मोजतो मात्र एकीकडचंच. ऑटिझम असलेल्यांच्या चेहऱ्यावरचे भाव इतरांना ओळखता येतात का हेही पुढे तपासलं गेलं, तर तिथे आपली मंडळी बऱ्यापैकी आपटली. २०२० मध्ये एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी चक्क कानगोष्टी खेळवल्या, आठ-आठ जणांची साखळी. सगळे ऑटिझम असलेले, किंवा सगळे नसलेले: गोष्ट दोन्हीकडे सारखीच टिकली. मिसळले, तर जास्त गळाली.

आता घरातलं. तूच लिहिलंयस, दिवाळीत काकू गाल फुगवून बसल्या होत्या आणि अमोलने येऊन विचारलं, “चकल्या संपल्या का?” पण पुढचं तू दोन ओळींत उरकलंस: वहिनींनी त्याला स्पष्ट सांगितलं, आईला वाईट वाटलंय, मोतीबिंदूच्या तपासणीला कुणी सोबत येत नाही म्हणून, आणि तो दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्यांना घेऊन गेला. अरे, मग कळत नाही असं कसं म्हणता? चेहऱ्यावरून कळलं नाही, सांगितल्यावर कळलं, आणि उठून गेलाही तोच. काकूंना म्हणावं, राग आला की तोंडाने सांगा. या वयात सवय बदलणं जड जाईल, पण एरवी पापड नीट भाजला नाही हे त्या ताबडतोब सांगतातच की!

अमोलला लगेच दुसरी टेस्ट द्यायला लावू नकोस. निदान अशा टेस्टवर होत नसतं आणि रद्दही होत नसतं. त्याला ज्यांनी तपासलं त्या बाईंना अलेक्सिथायमियाबद्दल जरूर विचारा, त्यावर बोलण्यासारखं बरंच असतं.

आणि एक. तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये काकूंचं म्हणणं आहे, वहिनींचं आहे, तुझं आहे. १९ आल्यावर अमोल काय म्हणाला ते कुठेच नाही. विचारलंय का त्याला कुणी? विचार आणि कळव. मी २२ डिसेंबरला पोचतोय, विमानतळावर येऊ नकोस, टॅक्सी केली आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
सुहास