दादीच्या चादरीवरून

दापोली, शुक्रवार

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तू दमामला सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. निघताना तू दादीला सलाम केलास, पण तिच्याजवळ बसला नाहीस. तेव्हापासून ती गप्प आहे, आणि माहीमच्या मखदूम बाबांच्या दर्ग्यावर उरुसात घालायला आणलेली हिरवी चादर तिने घडी घालून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. त्याविषयी लिहायचे नाही असे मी ठरवले होते. चार दिवस तसे निभावले. आज फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर राहवले नाही.

त्या चादरीवरून तू सांगितलेला मसला, की अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्या कोणाला मानणे म्हणजे शिर्क, चुकीचा होता असे मी म्हणत नाही. अल्लाहच्या हक्कात कोणी वाटेकरी नाही, हे मला दादीनेच शिकवले आणि तुला मी. पैगंबरसाहेबांनी अखेरच्या आजारात, नबींच्या कबरींना इबादतगाह बनवणाऱ्यांवर लानत केली, ही हदीस, म्हणजे त्यांच्या वचनाची नोंद, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कबरीला चुना लावू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, ही हजरत जाबिर यांची हदीसही मला ठाऊक आहे. कबरीपुढे सजदा करण्याविषयी, म्हणजे जमिनीला माथा टेकण्याविषयी, तर वादच नाही. दर्ग्यांची बाजू मांडणारे ज्यांचे नाव पुढे करतात, त्या बरेलीच्या मौलाना अहमद रझा खान यांनीच, अल्लाहखेरीज कोणालाही केलेला, अगदी केवळ आदरापोटी केलेला सजदासुद्धा हराम आहे, हे सांगण्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

पण ज्या पैगंबरसाहेबांनी आधी कबरींच्या जियारतीस, म्हणजे भेटीस जाण्यास, मनाई केली, त्यांनीच पुढे ती करण्यास सांगितले, कारण तिने आखिरतची, मृत्यूनंतरच्या जगाची, आठवण होते. ते स्वतः रात्री मदिनेतल्या बकीच्या कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी दुआ मागत. मृतासाठी मागणे ही सुन्नत, पैगंबरसाहेबांची रीत, आहे आणि मृताकडे मागणे हा शिर्क आहे, इथवर तू आणि मी एकच आहोत. यांच्या मधोमध वसिल्याची जागा आहे, जिथे माणूस मागतो अल्लाहकडेच, पण एखाद्या नेक बंद्याचा वास्ता देऊन. आणि तिथे आलिमांचे, धर्मपंडितांचे, शतकानुशतके एकमत झालेले नाही. दादी कुठे उभी आहे, हे तू तिला विचारलेस का? सगळ्यांसमोर ‘हा शिर्क आहे’ म्हणालास आणि उठून गेलास.

पाहा, मी पुन्हा शाळेतल्यासारखा बोलू लागलो. माफ कर. तू कुराण अर्थासह वाचतोस याचा मला किती अभिमान आहे, हे मी तुला कधी सांगितलेले नाही. मला अरबी नुसती वाचता येते.

तू दादीला सूरह लुकमान ऐकवलीस. लुकमान आपल्या मुलाला सांगतात की, बेटा, अल्लाहबरोबर कोणाला सामील करू नकोस. त्याच्या दोनच आयती पुढे असे आहे की, आईबापांनी तुला शिर्क करायला भाग पाडले तर त्यांचे ऐकू नकोस, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने राहा. तेवढे वाचायला तू थांबला असतास तर चालले असते.

दमास्कसचे आलिम इब्न तैमिया यांचे नाव तू वारंवार घेतोस. कबरींच्या जियारतीसाठी मुद्दाम प्रवास करण्याविरुद्धच्या फतव्यावरून 1326 साली त्यांना दमास्कसच्या किल्ल्यात कैद झाली आणि 1328 मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या मय्यतीच्या गुसलचे, म्हणजे अंघोळीचे, उरलेले पाणी लोक बरकतीसाठी प्यायले, असे त्यांचेच शागीर्द इब्न कसीर लिहितात. माणसे अशी असतात, बेटा. आपली दादी काही वेगळी नाही.

तू सहा वर्षांचा असताना तुझा ताप एकवीस दिवस उतरला नव्हता. दादीने मखदूम बाबांची मन्नत मानली. तुला खांद्यावर घेऊन मी माहीमला गेलो आणि चौकटीवर डोके टेकले. तेव्हा मी अल्लाहकडे मागत होतो की बाबांकडे, हे मला आजही सांगता येत नाही. त्याची तौबा मी करत असतो. परतीच्या एसटीत दादीने तुला बाबांची गोष्ट सांगितली: रात्री आईने पाणी मागितले, ते आणीपर्यंत तिचा डोळा लागला, म्हणून मखदूम अली फजरपर्यंत भांडे धरून उभे राहिले. (हीच गोष्ट सूफी संत बायजीद बिस्तामींचीही सांगतात, हे मला पुढे कळले. दादीला मी सांगितले नाही.) कुराणावर अरबीत तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिणारा तो आपल्या कोकणचा आलिम 1431 साली गेला. आपल्या कबरीवर चादर घाला, असे त्याने कोणाला सांगितले असेल असे मला वाटत नाही.

आता जे लिहायचे नव्हते तेच लिहितो. तू गेल्यापासून मनात एकच येते की, माझ्या कबरीवर तू येशील ना? चादर नको, अगरबत्ती नको, नावाचा दगडही नको. कच्च्या मातीशी उभे राहून माझ्या मगफिरतीची, क्षमेची, दुआ मागायला तुझ्या उस्तादांचीही हरकत नसावी. दादीने हाच प्रश्न मला परवा विचारला, स्वतःविषयी. मी ‘येईल’ म्हणालो, पण माझा आवाज बरोबर लागला नाही.

दादी झोहरच्या, दुपारच्या नमाजानंतर जागी असते; तुमच्याकडचे साडेअकरा म्हणजे इथले दोन. तेव्हा फोन कर. चादरीचा विषय तू काढू नकोस, तिने काढला तर ऐकून घे.

तुझे,
अब्बा