जिजी गेल्यावर

नातेपुते,
रविवार

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा दहाव्याची माणसं दारात होती, धड बोलताच आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. जिजीचे, आमच्या आजीचे, हाल झाले नाहीत. संध्याकाळी हरिपाठ म्हणाली, रात्री दूध-भाकरी कुस्करून खाल्ली आणि पहाटे उठलीच नाही.

प्रवचनाला आलेल्या महाराजांनी तिला अन्नपूर्णा ठरवून टाकलं. खोटं नाही, पण अर्धंच. जिजी कशी होती ते तू पाहिलंयस. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारात अर्धा तास घासाघीस करणारी बाई. चहात साखर जास्त पडली की आईवर डाफरायची. पण बरडचा मुक्काम हलवून माउलींची पालखी इथं आली की तिचा हिशेब बंद. आमच्या अंगणात एक दिंडी उतरते, पणजोबांपासून. दीडशे माणूस. पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक. आदल्या रात्रीपासून चुली पेटलेल्या. पहिलं ताट विणेकऱ्याचं. वाढताना ‘माउली, घ्या’ म्हणायचं. नुसतं ‘घ्या’ म्हटलं की मागून चिमटा बसलाच म्हणून समज.

गंमत म्हणजे आषाढीला ती स्वतः पंढरपूरला कधी गेली नाही. “आख्खं पंढरपूर दारात आल्यावर मी तिकडं कुणाला भेटू?” कार्तिकीला मात्र एसटीनं जायची, कळसाला हात जोडून परत.

१९७२ च्या दुष्काळात पदरात तीन पोरं घेऊन ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला तांबडी मिलो ज्वारी. पुढच्या आषाढात कणगी रिकामी. आजोबा म्हणाले, यंदा दिंडीला निरोप धाडू. तिनं ऐकलं नाही, मिलोच्याच भाकरी थापल्या. “वारकरी काय पक्वान्न मागत्यात व्हय? आपण खातो तेच त्यांच्या पानात.” हे ती इतक्यांदा सांगायची की आम्ही पोरं पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायचो.

आता प्रवचनात न आलेलं सांगतो. हे सगळं दातृत्व सुनांच्या मनगटांवर उभं होतं. जिजी खुर्चीत बसून हुकूम सोडायची. धुरात डोळे चोळत भाकरी बडवायच्या त्या आई आणि काकू. आईच्या हातावरचे चटके अजून दिसतात. मला याचा राग होता, आईजवळ बोललोही. आईनं मला सातबारा काढून दाखवला.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती गावोगाव फिरत होती. शरद जोशींचं म्हणणं साधं होतं: नवऱ्यानं जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा. आजोबा गेल्यावर जमीन मुलांच्या नावावर चढली होती. जिजी कुठल्याशा सभेतून ऐकून आली आणि मुलांना म्हणाली, सुनांची नावं लागल्याशिवाय या घरात जेवणार नाही. काका चिडले, बाबा गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दोघं तलाठ्याकडे गेले. स्वतःच्या नावाचा विषय तिनं काढलाच नाही. आई म्हणते, “दिंडी तिनं माझ्या हातानं जेवू घातली, पण अडीच एकर मला तिनं स्वतःच्या तोंडानं मागून दिलं.” यावर मी काय बोलणार?

२०२० साली वारी पायी निघालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. मुक्कामाच्या तिथीला जिजीनं तरीही चूल पेटवली. नाक्यावर नाकाबंदीचे पोलीस होते, त्यांना बोलावून ओट्यावर लांब लांब बसवलं. पोरगेलासा एक शिपाई नको म्हणत होता. जिजीनं मास्क खाली ओढला आणि त्याला दम दिला, “माउली, घ्या!”

यंदाही दिंडी उतरणार. आचारी लावायचा विषय निघाला होता, तो आईनं पहिल्याच झटक्यात उडवला. तिनं फर्मान काढलंय की चुलीपुढं पुरुषांनीही बसायचं. काकांचं तोंड बघण्यासारखं झालंय. तू आदल्या रात्रीच ये, वहिनींना आणि पोरांना घेऊन. भाकरी तुला जमणार नाही हे माहीत आहे. पोतंभर कांदा आहे, तो चिरायला बस.

तुझाच,
नातेपुतेकर