रोपे लावून झाली, आता रान राखू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की मुंबईतील वृक्षारोपणाचे कार्यक्रमही आटोपतात आणि लावलेल्या रोपांकडे पुढच्या जूनपर्यंत सहसा कोणी फिरकत नाही. शाळा, संस्था आणि कंपन्यांचा उत्साह खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. मात्र शहरात उरलेल्या रानाला आणि माळाला आज नव्या रोपांपेक्षा जास्त गरज आहे ती वर्षभर नेमाने येणाऱ्या, काय उपटायचे आणि काय हात न लावता ठेवायचे हे ओळखणाऱ्या स्थानिक माणसांची. अशा स्वयंसेवकांना वनखात्याने व महापालिकेने ठरलेली जागा आणि ठरलेले काम नेमून द्यावे, यासाठी हे पत्र.

गोरेगावच्या आरे परिसरातील गवताळ उतार पाहावेत. १९४९ मध्ये तेथे दुग्धवसाहत झाली, त्यामुळे गवत म्हणजे चारा किंवा रिकामी जागा अशीच त्याची ओळख राहिली, आणि रिकामी जागा दिसली की खड्डे खणायचे हे ओघाने आले. वस्तुतः ऐन पावसाळ्यात, म्हणजे वृक्षारोपणाच्याच दिवसांत, सुगरण पक्षी गवताच्या हिरव्या पात्यांचे धागे काढून घरटी विणत असतात, वटवट्या उंच गवताच्या आडोशाने पिल्ले वाढवतात आणि पुढे गवत पिकले की मुनियांचे थवे बिया टिपायला उतरतात. ज्या टाकळ्याला आपण तण म्हणून उपटतो, त्याच्या पानांवर पिवळ्या रंगाच्या लहान फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात. अशा ठिकाणी दाट झाडी लावली तर सावलीखाली गवत मरते आणि त्यावर जगणारे सगळे निघून जाते. त्यातही पूर्वी लावले काय, तर गिरिपुष्प, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ! ही भरभर वाढणारी परदेशी झाडे आता कोणी न लावताही पसरत आहेत. माहीमचे निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे राहिले. जेथे काहीच उरले नव्हते तेथे झाडे लावणे योग्यच होते. पण माळ म्हणजे कचराभूमी नव्हे.

रानात खरी डोकेदुखी आहे ती रानमोडी आणि घाणेरी या झुडपांची. रानमोडी हिवाळ्यात फुलते, तिचे हलके बी वाऱ्यावर दूर जाते, आणि उन्हाळ्यात वाळलेली झुडपे वणव्याला आयते सरपण पुरवतात. वणव्यात देशी झाडांची कोवळी रोपे जळतात, रानमोडी मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते. तिला वरून छाटण्यात काहीच हशील नाही. ती मुळासकट उपटावी लागते, आणि त्यासाठी जमीन ओली पण झाड अजून फुलावर आलेले नाही असे मोजकेच आठवडे हाती असतात. घाणेरीची फळे बुलबुलांसारखे पक्षी खातात व बी सर्वत्र टाकतात. शिवाय तिच्या जाळीत अनेक लहान पक्षी आसरा घेतात, म्हणून ती एका दमात साफ न करता टप्प्याटप्प्याने काढावी आणि मोकळ्या जागी देशी झुडपे जोम धरत आहेत का हे पाहत राहावे. हे वर्षातून एकदा बसने आलेल्या दोनशे माणसांचे काम नाही, ते दर रविवारी येणाऱ्या दहा माणसांचे आहे. नवख्या हातात कोयता दिला तर आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवीसुद्धा ‘झुडूप’ म्हणून कापली जाईल.

इंग्लंडमध्ये १९५९ साली स्वयंसेवकांचे एक निसर्गरक्षक पथक स्थापन झाले. सरे परगण्यातील बॉक्स हिल येथे त्याने हाती घेतलेले पहिले काम झाडे लावण्याचे नव्हतेच. चुनखडीच्या टेकडीवरील गवताळ भाग गिळू पाहणारी झुडपे तोडण्याचे होते. आपली माती आणि आपला पाऊस वेगळा आहे, म्हणून त्यांच्या पद्धती येथे उचलून आणता येणार नाहीत. पण तोडणे हेही कधीकधी संवर्धन असते, हे आपल्याकडे अजून गळी उतरत नाही.

अर्थात कोणीही उठावे आणि कुदळ घेऊन जंगलात शिरावे असे मी सुचवत नाही. राष्ट्रीय उद्यानातील काडीसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय हलवता येत नाही आणि हे बंधन योग्यच आहे. शहरातील वृक्षतोडीला १९७५ च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची संमती लागते. अडचण अशी की आरेची काही जमीन वनखात्याकडे, काही दुग्धविकास विभागाकडे आणि शहरातील उद्याने महापालिकेकडे असल्याने मदत करू इच्छिणाऱ्याने नेमके कोणाला विचारावे हेच कळत नाही. प्रत्येक वनपरिक्षेत्रात एका अधिकाऱ्याकडे ही जबाबदारी द्यावी, निवडक तुकड्यांचा पाच वर्षांचा आराखडा तज्ज्ञांकडून करून घ्यावा, स्वयंसेवकांना वनस्पती ओळखण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि लावलेल्या रोपांची संख्या जाहीर करण्याऐवजी त्या तुकड्यात दरवर्षी काय आढळले याच्या नोंदी लोकांसमोर ठेवाव्यात.

यात पाड्यांवरील आदिवासींना डावलून चालणार नाही. गवत कधी पिकते, कोणत्या वाटेने वणवा चढतो, कोणती रानभाजी कुठे उगवते, हे तेथील वारली कुटुंबांना आमच्यासारख्या इमारतीत राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. त्यांच्याकडून शिकायचे तर त्यांना मानधन द्यायला हवे. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे काढणे, आग विझवणे ही कष्टाची व जोखमीची कामे रोजंदारीवरील वनमजुरांचीच राहावीत. फुकट हात मिळाले म्हणून त्यांची मजुरी कापली जाणार असेल, तर आम्ही स्वयंसेवक न आलेलेच बरे.

रानमोडी फुलण्यापूर्वीचे थोडे दिवस अजून शिल्लक आहेत. वनखात्याने निदान दोन-तीन तुकडे तरी याच वर्षी प्रायोगिक म्हणून खुले करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
गोरेगाव (पूर्व), मुंबई